खालचा रस्ता ते कर्मवीर पथ

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव म्हटला की संस्थेच्या कार्याचा आढावा, पूर्वसूरींचे स्मरण आणि देणगीदारांचा ऋणनिर्देश या गोष्टी ओघानेच येतात. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याहून थोडा निराळा आहे. ज्या रस्त्यांवर समाजाची घरे, दुकाने आणि पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, त्या रस्त्यांच्या नावांचा हा विषय आहे. बिलबुकावर, लग्नपत्रिकेवर, मालाच्या बिल्टीवर रस्त्याचे नाव रोज लिहिले जाते. ते कोणी ठेवले, का ठेवले आणि त्याआधी तेथे कोणते नाव होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. सातारा आणि सांगली ही दोन शहरे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. एक छत्रपतींची राजधानी, तर दुसरे पटवर्धनांच्या संस्थानाचे ठिकाण. दोन्ही शहरांत समाजाचे व्यापारी स्थिरावले आणि दोन्ही शहरांच्या रस्त्यांनी त्यांना पत्ता दिला.

सातारच्या पेठा

छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजी सातारा येथे झाला. त्यानंतर किल्ले अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढू लागले. त्यास शाहूनगर असे नाव मिळाले आणि आजही अनेक जण कौतुकाने शाहूनगरी असाच उल्लेख करतात. शहराची वाढ पेठांच्या रूपाने झाली. पुण्याप्रमाणे येथेही वारांच्या नावाच्या पेठा आहेत. सोमवारपासून रविवारपर्यंत सर्व वार सातारच्या पत्त्यांत सापडतात. त्यांच्या जोडीला व्यक्तिनामे आली. यादोगोपाळ पेठ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, मल्हार पेठ, प्रतापगंज ही नावे उच्चारताना त्या काळातील माणसांची नावेच नकळत उच्चारली जातात.

याखेरीज नावांचा तिसरा प्रकार आहे. ती नावे कोणत्याही दरबारात ठरली नाहीत. कमानी हौद, फुटका तलाव, बोगदा ही लोकांनी पाहिलेल्या वस्तूंची नावे आहेत. पाचशे एक पाटी या ठिकाणाच्या तर नावातच पाटी आहे. बाहेरगावच्या माणसास वाट सांगताना जी खूण सर्वांत सोपी, तीच पुढे नाव होऊन बसली. अशा नावांना ठराव लागत नाही, कोनशिला लागत नाही आणि उद्‌घाटनही लागत नाही.

राजाश्रयाने दिलेले नाव टिकतेच असे नाही, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून १८२९ च्या सुमारास वसविले गेले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावावरून त्या वसाहतीस माल्कम पेठ असे नाव मिळाले. सातारचे प्रतापसिंह महाराज त्या वेळी गादीवर होते. आज महाबळेश्वरच्या बाजारात उभे राहून माल्कम पेठ कोठे, असे विचारले तर फार थोडे लोक उत्तर देतील. तेथील मुख्य बाजाराचा रस्ता डॉ. साबणे रोड म्हणून ओळखला जातो आणि तेच नाव पर्यटकांच्याही तोंडी आहे.

वरचा आणि खालचा

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलेले आहे. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या दोन मोठ्या रस्त्यांपैकी किल्ल्याच्या बाजूचा तो वरचा रस्ता आणि उताराच्या बाजूचा तो खालचा रस्ता, अशी साधी विभागणी लोकांनी केली. त्यात कोणाचा मान नाही की अपमान नाही. जमिनीचा उतार पाहून दिलेली ही नावे होत. मुसळधार पावसात वरचे पाणी कोणत्या बाजूस धावते, हे ज्याने पाहिले आहे त्यास ही नावे समजावून सांगावी लागत नाहीत.

पुढे वरच्या रस्त्यास राजपथ हे नाव मिळाले आणि खालच्या रस्त्यास कर्मवीर पथ. राजधानीच्या शहरात एक रस्ता राजाच्या मानाचा असावा हे स्वाभाविकच होते. परंतु त्यास समांतर जाणारा दुसरा मोठा रस्ता एका शिक्षकाच्या, वसतिगृह चालविणाऱ्या माणसाच्या नावाने ओळखला जावा, ही सातारची विशेष गोष्ट आहे. राजपथ हे नाव लवकर रुळले. खालच्या रस्त्याचे मात्र अजूनही दोन संसार आहेत. पाटीवर कर्मवीर पथ आणि रिक्षावाल्याच्या तोंडी खालचा रस्ता. दोन्ही नावे एकमेकांस न दुखविता नांदत आहेत.

हे कर्मवीर कोण, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही, असे कोणास वाटेल. तथापि नव्या पिढीतील किती जणांस ते सविस्तर सांगता येईल, याचा प्रत्येकाने घरी जाऊन विचार करावा. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे, दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापूरला शिकताना ते तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहिले. काही काळ त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, तर पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. त्या भ्रमंतीत खेड्यातील मुलांची शिक्षणावाचून होणारी परवड त्यांनी जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आणले.

साताऱ्यातील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. त्या काळी ही गोष्ट किती अवघड होती, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. मुलांच्या जेवणासाठी घरात काही उरले नाही, तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला, पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.लिट. पदवी दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. पोवई नाक्याजवळ संस्थेच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

नाव न विकणारा माणूस

रस्त्याच्या नावाचा विषय चालू असताना भाऊरावांच्या चरित्रातील एक बाजू मुद्दाम पाहिली पाहिजे. नाव ठेवण्याच्या बाबतीत ते अत्यंत जागरूक होते. साताऱ्यातील वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते दिले गेले. १९४० मध्ये काढलेल्या विद्यालयास त्यांनी महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराड येथे सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. या नावांकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. छत्रपती, शिक्षणास उदार हस्ते मदत करणारे राजे आणि हातात खराटा घेणारा संत या नावांत आहेत. स्वतःचे नाव कोठेही नाही आणि केवळ आपल्या समाजाचा म्हणून कोणास मान दिला आहे, असेही नाही.

शिवाजी कॉलेजच्या नावासंबंधी एक आठवण नेहमी सांगितली जाते. एका धनिकाने कॉलेजला मोठी देणगी देऊ केली, पण नाव बदलावे अशी अट घातली. संस्थेला पैशाची नितांत गरज होती. तरीही भाऊरावांनी नकार दिला. एक वेळ जन्मदात्याचे नाव बदलता येईल, परंतु कॉलेजला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलता येणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते.

व्यापारी समाजाने या आठवणीचा नीट विचार करावा. देणगी देणे हा सद्‌गुण आहे आणि देणगीदाराचे नाव कृतज्ञतेने लावणे हा शिष्टाचार आहे. प्रत्येक मंदिराच्या भिंतीवर तशा संगमरवरी पाट्या आहेत. परंतु एकदा दिलेले नाव ही ठेव असते. ठेव ज्याच्याकडे असते तो तिचा मालक नसतो, विश्वस्त असतो. न्यासाचा कारभार ज्यांनी पन्नास वर्षे पाहिला, त्यांना मालक आणि विश्वस्त यांतील अंतर निराळे सांगावयास नको. नाव न विकणाऱ्या माणसाचेच नाव सातारच्या रस्त्यास लाभले, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

नाव कधीच बदलू नये, असाही याचा अर्थ नाही. रयत शिक्षण संस्थेने १९३५ मध्ये सुरू केलेल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या विद्यालयास सिल्व्हर ज्युबिली असे नाव होते. तो इंग्लंडच्या बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचा काळ होता. पुढे त्या विद्यालयास महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नव्या नावाने विद्यालयाच्या कामाचे स्वरूप अधिक स्पष्ट झाले. असा बदल समजण्यासारखा असतो. देणगीच्या अटीने किंवा चढाओढीने होणारा बदल त्या जातीचा नसतो.

सांगलीची वाट

साताऱ्याहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली आले की सांगली लागते. या शहराचे नावच रस्त्यांवरून पडले, अशी लोकसमजूत आहे. सहा गल्ल्यांचे गाव ते सांगली, असे जुने लोक सांगत. कृष्णा-वारणेच्या संगमावरून नाव आले असेही सांगितले जाते. व्युत्पत्ती कोणतीही असो, गल्ली मोजून गावाची ओळख सांगणारी ही समजूत मोठी गोड आहे.

चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळे होऊन सांगली ही आपली राजधानी केली. गणपती हे त्यांचे आराध्य दैवत. म्हणून गणपती पेठ हे नाव. पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे कोकणातील कोतवडे येथून घाटावर आले आणि इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे उपाध्ये म्हणून राहिले. त्यांचे पुत्र पेशवाईत पराक्रमाने पुढे आले. चिंतामणराव हे हरभटांचे पणतू. सांगलीच्या भर बाजारातील हरभट रोड या नावात त्या मूळ पुरुषाची आठवण आहे. सांगलीत हे नाव उच्चारताना कोणी संस्थानाचा इतिहास आठवत नाही, तर साडीची, सराफाची किंवा पुस्तकाची दुकाने आठवतात. पण नाव टिकले आहे, ही गोष्ट खरी.

त्याच्या जवळची कापड पेठ ही मात्र धंद्याने दिलेल्या नावाची पेठ. तिला कोणा सरदाराची गरज पडली नाही. गठाणी उतरत गेल्या, तागे उलगडत गेले आणि नाव पडले. वखारभाग हे नावही तसेच, वखारींवरून आलेले. गावभाग म्हणजे मूळ गाव. ही नावे म्हणजे शहराच्या व्यापाराची जुनी वहीच आहे. गूळ, हळद आणि कापड यांच्या व्यवहारातून सांगली कशी वाढली, हे ती वही सांगते. सांगलीतही कर्मवीर चौक आहे आणि महावीरनगर आहे. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीचा महोत्सव १९७४-७५ मध्ये देशभर साजरा झाला, त्या निमित्ताने अनेक गावांतील रस्त्यांना आणि चौकांना महावीरांचे नाव मिळाले.

पुराच्या पाण्यातील नावे

सांगलीतील आयर्विन पुलाचे उदाहरण सर्वांहून निराळे आहे. हा पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि त्यास तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव मिळाले. देश स्वतंत्र झाला, व्हाइसरॉय गेले, पण पुलाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. त्याचे कारण आयर्विनसाहेबांवरील प्रेम हे नव्हे. कृष्णेच्या पाण्याची पातळी या पुलापाशी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात सांगलीतील प्रत्येक घरात, आयर्विनला किती फूट, हा एकच प्रश्न असतो. नाव व्हाइसरॉयचे राहिले नाही, ते मापाचे झाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये याच पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. हरभट रोड, मारुती रोड, कापड पेठ, गणपती पेठ, गावभाग पाण्याखाली गेले. तळमजल्यावरील दुकानांत भिजलेल्या ताग्यांचे ढीग उरले आणि अनेक व्यापाऱ्यांची दिवाळीची खरेदी पाण्यात गेली. त्या दिवसांत रस्त्याच्या नावाची खरी किंमत कळली. बोटीतून मदत नेणाऱ्या तरुणांना पत्ता हवा होता. पाटी पाण्याखाली गेल्यावर उपयोगी पडले ते लोकांच्या तोंडचे नाव. कोणत्या गल्लीत वृद्ध अडकले आहेत, कोणत्या चौकापर्यंत पाणी आले आहे, हे जुन्या नावांनीच कळविले जात होते. जे नाव सर्वांस ठाऊक असते, ते संकटात माणसापर्यंत पोहोचविते. म्हणूनच जुने नाव पुसताना ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे आधी पाहावे.

दप्तरातील नाव आणि तोंडातील नाव

व्यापाऱ्यास हा प्रश्न रोजच्या कामातही भेडसावतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा नोंदणीसाठी पत्त्याचे पुरावे जोडावे लागले. घरपट्टीच्या पावतीवर पेठेचे नाव, वीजबिलावर जुन्या रस्त्याचे नाव आणि दुकानाच्या पाटीवर नवे नाव, अशी स्थिती असली की एकाच दुकानाचे तीन पत्ते होतात. बाहेरगावच्या गिरणीतून निघालेली गठाण मात्र जुन्याच नावावर बिनचूक पोहोचते, कारण हमालास तेच नाव ठाऊक असते. नवे नाव देताना सर्व दप्तरांत ते एकाच वेळी नोंदविले गेले आणि जुने नाव कंसात ठेवले गेले, तर हा घोळ सहज टळेल.

एका प्रकारची नावे मात्र जावीत, याविषयी दुमत असू नये. वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. ज्या नावाने राहणाऱ्याची मान खाली जाते, ते नाव कितीही जुने असले तरी पाटीवर राहू नये. वाणीची हिंसा हीदेखील हिंसाच आहे. एका पंगतीत सर्व जातींची मुले बसविणाऱ्या भाऊरावांच्या नावाचा रस्ता ज्या शहरात आहे, त्या शहराने तर या बाबतीत पुढाकार घ्यावा.

समाजाचे कर्तव्य

आता शेवटचा मुद्दा. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखाद्या रस्त्यास किंवा चौकास समाजातील श्रेष्ठ व्यक्तीचे नाव द्यावे, अशी सूचना अनेक ठिकाणी पुढे येते. ती सद्भावनेची असते. परंतु तसा अर्ज नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत नेण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार व्हावा.

पहिली गोष्ट, रूढ नाव बाजूस सारून त्या जागी नवे नाव बसविण्यापेक्षा नव्या रस्त्यास नाव द्यावे. सातारा शहराची हद्द २०२० मध्ये वाढली, सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकत्र महानगरपालिका १९९८ मध्ये झाली. उपनगरांत क्रमांकाने ओळखले जाणारे किती तरी रस्ते नावाची वाट पाहत आहेत. तेथे दिलेले नाव कोणाचेही नाव हिरावून घेत नाही.

दुसरी गोष्ट, पाटीवर दोन ओळी असाव्यात. वरती अधिकृत नाव आणि खाली लहान अक्षरांत पूर्वीचे नाव. कर्मवीर पथ, पूर्वीचा खालचा रस्ता. एवढ्या दोन ओळींत शहराचा भूगोल आणि इतिहास दोन्ही येतात. त्याच पाटीवर जन्म-मृत्यूची वर्षे लिहिली तर आणखी चांगले. सातारचे थोरले शाहू महाराज आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज या दोन थोर पुरुषांत शाळकरी मुलांचा गोंधळ होतो, तो केवळ नावापुढे वर्ष नसल्यामुळे.

तिसरी गोष्ट, नाव पूर्ण उच्चारावे. महात्मा गांधी रस्त्याचा एम.जी. रोड होतो, कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाच्या महाविद्यालयाचे के.बी.पी. होते. अक्षरे उरतात, माणूस निघून जातो. दुकानाच्या पाटीवर, पत्रावर आणि बिलावर पूर्ण नाव लिहिण्यास शाईखेरीज काही लागत नाही.

चौथी आणि महत्त्वाची गोष्ट, वृद्धांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. कोणत्या चौकास पूर्वी काय म्हणत, कोणत्या बोळातून कोठे जाता येई, कोणता हौद कधी बुजला, हे सांगणारी माणसे समाजात अद्याप आहेत. न्यासाच्या दप्तरात मंदिराचे जमाखर्च पन्नास वर्षांचे नीट ठेवलेले आहेत. त्यांच्या शेजारी एक वही या नावांची असावी. ती भरण्याचे काम महाविद्यालयीन युवक-युवतींनी करावे.

कर्मवीरांचे नाव सातारच्या रस्त्यास मिळाले ते एका समाजाने मागितले म्हणून नव्हे, तर त्यांनी सर्व समाजांच्या मुलांना शिकविले म्हणून. जैन समाजास त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण तो अभिमान रस्त्यावरील पाटीपाशी थांबू नये. खालच्या रस्त्यावरून शाळेस जाणाऱ्या एखाद्या गरीब मुलाची फी या न्यासातून भरली गेली, तर त्या पाटीवरील अक्षरे पुढील पन्नास वर्षे कोणास रंगवावी लागणार नाहीत.